लस चुकविण्याचा दाखला

वैद्यकीय व्यवसायात पंचवीस-तीस वर्षे काढली की एक गोष्ट कळून चुकते. डॉक्टरकडे माणसे केवळ औषधासाठी येत नाहीत, कागदासाठीही येतात. रजेसाठी सिक सर्टिफिकेट, नोकरीसाठी फिटनेस, पी.टी.च्या तासाला उन्हात उभे राहावे लागू नये म्हणून चिठ्ठी, परीक्षेला बसता आले नाही म्हणून चिठ्ठी. यातले बरेचसे कागद निरुपद्रवी असतात. पण एक कागद असा आहे की तो मागणाऱ्याला अगदी किरकोळ वाटतो आणि त्याचा परिणाम मात्र तिसऱ्याच घरातील मुलाला भोगावा लागतो. ‘या मुलास लस देऊ नये’ हा तो कागद. आज या सदरात त्याच्याविषयीच लिहायचे आहे.

मागण्याची पद्धत ठरलेली असते. मूल तपासून झालेले असते, औषध लिहून झालेले असते, आई पिशवी उचलते आणि दारापर्यंत जाऊन परत फिरते. “डॉक्टरानू, शाळेत सुई मारतले म्हणतत. पोराक परत ताप इलो तर? एक चिठ्ठी देवा, सर्दी-खोकलो आसा म्हणान.” जास्त शिकलेले पालक हेच शुद्ध मराठीत सांगतात आणि पुरावा म्हणून मोबाईलवरचा एखादा व्हिडिओ पुढे करतात. मागणी दोघांचीही एकच.

माझे उत्तरही ठरलेले आहे. मुलाला खरोखर कारण असेल तर दाखला मी देतो, न मागताही देतो. कारण नसेल तर देत नाही. तुम्हाला लस नकोच असेल तर नर्सबाईंना तसे तुमच्या तोंडाने सांगा, तुमच्या सहीने लिहून द्या. माझ्या सहीने मुलाला आजारी पाडू नका. यावर काही जण नाराज होतात, काही दुसऱ्या दवाखान्यात जातात. हा आडमुठेपणा वाटू नये म्हणून त्यामागची कारणे सविस्तर सांगतो.

सक्ती होती तेव्हा

आमच्या पिढीतल्या कोणाचाही दंड पाहा. देवीच्या लसीची गोल खूण दिसेल. गावात ‘देवी डॉक्टर’ आला की आया मुलांना माजघरात लपवीत, हे आमच्या आधीच्या पिढीकडून ऐकलेले आहे. त्या काळी देवी टोचून घेणे हे कायद्याने बंधनकारक होते. मुंबई शहरासाठी १८७७ साली कायदा झाला, १८८० साली हिंदुस्थान सरकारचा लसीकरणाचा कायदा आला आणि मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांसाठी १८९२ साली वेगळा कायदा झाला. १८८० च्या कायद्यात एक तरतूद होती. मूल टोचण्याच्या स्थितीत नसेल तर तसा दाखला पालकाला द्यायचा. म्हणजे लसमाफीचा दाखला ही काही परदेशातून आलेली नवी टूम नव्हे. सव्वाशे वर्षांहून जुना कागद आहे तो. मात्र तो मुलाच्या प्रकृतीसाठी होता, पालकाच्या मर्जीसाठी नव्हता.

इंग्लंडात १८५३ साली सक्ती आली आणि तिच्याविरुद्ध मोठे आंदोलन उभे राहिले. शेवटी १८९८ साली तेथील सरकारने कायद्यात पळवाट नव्हे, उघड दरवाजा ठेवला. ज्याच्या सदसद्विवेकबुद्धीला लस पटत नाही त्याने मॅजिस्ट्रेटसमोर जाऊन तसे सांगावे आणि सूट घ्यावी. आपल्याकडे महात्मा गांधींचा देवी टोचण्यास विरोध होता, हे प्रसिद्ध आहे. त्यांचे ते मत मला मान्य नाही. पण त्यांनी ते लपविले नाही, लिहून-बोलून जाहीर केले. नकाराची ही एक सरळ रीत आहे. मुलाला खोटा खोकला लावून सुटका करून घेणे ही मात्र रीत नव्हे.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. देशातील देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मध्ये सापडला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातून देवी गेल्याचे जाहीर केले. रोगच संपल्यावर लसही थांबली आणि तो १८८० चा कायदा २००१ साली रद्द झाला. म्हणून आज तिशी-पस्तिशीत असलेल्या आईबापांच्या दंडावर देवीची खूण नाही. त्यांनी देवी पाहिली नाही, घटसर्प पाहिला नाही, पोलिओने लुळा पडलेला वर्गमित्र पाहिला नाही. त्यांना फक्त सुई दिसते आणि सुईनंतरचा ताप दिसतो. यात त्यांचा दोष नाही. लसीने रोग हटविला की लोकांना रोगापेक्षा लसच जास्त भीतीदायक वाटू लागते. लसीच्या यशाचे हे एक विचित्र फळ आहे.

आज सक्ती आहे का?

सरकारी लसीकरण कार्यक्रमातील लसी मुलाला टोचल्याच पाहिजेत, नाही तर दंड, असा जुन्या काळासारखा केंद्राचा कायदा आज नाही. करोनाच्या लसीबाबत सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी निकाल दिला. कोणाही व्यक्तीला लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, स्वतःच्या शरीरावरचा अधिकार घटनेच्या २१ व्या कलमात येतो, मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकारला वाजवी बंधने घालता येतील, असा त्याचा आशय आहे. त्याआधी जानेवारी २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयापुढे शाळांतील गोवर-रुबेला मोहिमेचा प्रश्न आला होता. पालकांची संमती न घेता शाळेत लस देता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले.

आपल्या महाराष्ट्रात ही गोवर-रुबेला मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झाली. नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या तीन कोटींहून अधिक मुलांना लस द्यायची होती. त्या दिवसांत दाखल्यांची मागणी एकदम वाढली. व्हॉट्सअ‍ॅपवरून काय काय फिरत होते! लस दिलेल्या दिवशी अनेक मुले घरीच राहिली. कोणाचे पोट दुखत होते, कोणी अचानक मामाच्या गावी गेले होते.

आता गंमत पाहा. सक्तीच नाही, तर खोटा दाखला कशाला हवा? ‘नको’ म्हणायचा अधिकार असताना आजाराचे सोंग कशासाठी? याचे उत्तर कायद्यात नाही, गावात आहे. घरी येणारी आशाताई वाडीतलीच कोणाची तरी सून असते. शाळेतले गुरुजी ओळखीचे असतात. त्यांना तोंडावर ‘नको’ म्हणणे जड जाते. डॉक्टरची चिठ्ठी दाखविली की वाईटपणा डॉक्टरवर जातो आणि पालक मोकळे. म्हणजे चिठ्ठी मागितली जाते ती कायद्यापासून सुटण्यासाठी नव्हे, भिडेपासून सुटण्यासाठी. ही भीड मी समजू शकतो. पण तिची किंमत फार मोठी आहे.

खरा हक्कदार कोण?

ज्यांना लस खरोखर देऊ नये किंवा पुढे ढकलावी, अशी मुले असतात. ती थोडी असतात, पण असतात. त्यांची यादी पालकांनी कापून ठेवावी.

१) आधीच्या त्याच लसीनंतर काही मिनिटांत किंवा तासाभरात अंगावर गांध्या उठून श्वास कोंडला, चेहरा सुजला, मूल निपचित पडले, अशी तीव्र अ‍ॅलर्जी झाली असेल तर ती लस पुन्हा देत नाहीत. हे अत्यंत क्वचित घडते. याचसाठी लस दिल्यावर अर्धा तास केंद्रावर थांबायला सांगतात.

२) डांग्या खोकल्याचा अंश असलेल्या लसीनंतर (ट्रिपल किंवा पेंटाव्हॅलंट) सात दिवसांच्या आत मेंदूला सूज येऊन मूल बेशुद्ध झाले असेल आणि त्याला दुसरे कारण सापडले नसेल, तर ती लस पुढे देत नाहीत.

३) ज्यांची प्रतिकारशक्ती फार खालावली आहे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू आहे, दोन आठवडे किंवा अधिक काळ स्टेरॉइडचा मोठा डोस चालू आहे, किंवा जन्मतःच प्रतिकारशक्ती नाही, अशा मुलांना गोवर-रुबेलासारखी जिवंत जंतूंची लस देत नाहीत. उपचार संपल्यावर काही काळाने, त्या त्या तज्ज्ञाच्या सल्ल्याने ती देता येते.

४) आतड्यात आतडे शिरून अडथळा आल्याचा पूर्वीचा इतिहास असेल तर रोटाव्हायरसचे थेंब देत नाहीत.

५) मूल खरोखर मोठ्या आजाराने, भरपूर तापाने पडले असेल तर बरे होईपर्यंत थांबतात. ही माफी नव्हे, मुदतवाढ आहे. रक्त भरल्यानंतर गोवरची लस काही महिने पुढे ढकलतात, तीही मुदतवाढच.

आता ज्या कारणांसाठी चिठ्ठी मागतात आणि जी कारणेच नव्हेत, ती पाहा. साधी सर्दी, खोकला, अंग कोमट असणे, एखाद-दुसरा जुलाब, अँटिबायोटिक चालू असणे, मूल अपुऱ्या दिवसांचे असणे, मूल किरकोळ किंवा कुपोषित असणे, दात येणे, आई पुन्हा गरोदर असणे, घरात कोणाला फिट येण्याचा आजार असणे, मागच्या लसीनंतर एक दिवस ताप येऊन मांडी सुजली असणे. यांपैकी एकाही कारणासाठी लस थांबवीत नाहीत. कुपोषित मुलाला तर लस आधी हवी, कारण गोवर त्यालाच जास्त झोडपतो. अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलालाही गोवरची लस देता येते.

लसीनंतर ताप येतो, हे खरे आहे. पेंटाव्हॅलंटनंतर तो बहुधा पहिल्या एक-दोन दिवसांत येतो. गोवरच्या लसीनंतर मात्र तो लगेच न येता आठवडा-दहा दिवसांनी येऊ शकतो, सोबत बारीक पुरळही उठते. पालक घाबरतात. वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, अंगावरचे दूध किंवा पातळ पेज आणि थोडा धीर, एवढे पुरते. सुजेवर गरम शेक किंवा लेप मात्र नको.

वर्गातले गणित

गोवर हा अतिशय वेगाने पसरणारा रोग आहे. गोवराचा एक रुग्ण, आजूबाजूला कोणालाच संरक्षण नसेल तर, सरासरी १२ ते १८ जणांना रोग देतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. अंगावर पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून मूल रोग पसरवीत असते, म्हणजे कोणाच्या लक्षात येण्यापूर्वीच काम झालेले असते. असा रोग अडवायचा तर शंभरातील ९५ जणांना लसीच्या दोन्ही मात्रा मिळालेल्या हव्यात, असे तज्ज्ञ सांगतात.

आता आपल्या गावातील चाळीस मुलांचा एक वर्ग घ्या. शंभरात ९५ म्हणजे चाळीसात ३८. उरल्या दोन जागा. लसीविना बसून इतरांच्या आडोशाने सुरक्षित राहता येईल, अशा फक्त दोन जागा! त्यातही लस घेतलेल्यांपैकी एखाद्यावर ती लागू पडत नाही, म्हणजे खरे तर दोनही नाहीत.

या जागा कोणाच्या? माझ्या पाहण्यातला एक मुलगा आहे. रक्ताच्या कर्करोगावर त्याचे उपचार चालू होते. मुंबईच्या वाऱ्या करून आईवडील थकले होते. तो पुन्हा शाळेत जाऊ लागला तेव्हा त्याच्या वडिलांनी मला विचारले, “वर्गात सगळ्यांका लस दिलेली आसा मां?” मी शाळेत चौकशी केली. यादीत दोन-तीन नावांपुढे ‘आजारी, डॉक्टरचा दाखला’ असे लिहिलेले होते. ती मुले मैदानात धावत होती. मुलगा सुखरूप आहे, उपचारही संपले. पण त्या दिवसांत त्याच्यासाठी असलेली जागा धडधाकट मुलांनी अडविली होती. एस.टी.त अपंगांसाठी राखून ठेवलेल्या बाकावर तरण्याबांड माणसाने चादर टाकून बसावे, तसाच हा प्रकार.

खोटा दाखला इतरांना जाचतो, तसाच तो त्या मुलालाही जाचतो. ‘लसीची अ‍ॅलर्जी’ हे शब्द एकदा कार्डावर चढले की उतरत नाहीत. उद्या त्याच मुलाच्या पायात गंजका खिळा गेला तर धनुर्वाताचे इंजेक्शन देताना अनोळखी डॉक्टर विचारात पडणार. कुत्रे चावल्यानंतर रेबीजची लस कोणत्याही कारणासाठी टाळता येत नाही, कारण रेबीज झाला की मरण अटळ. तिथेही घरचेच सांगणार, याला लस चालत नाही म्हणून. एका सकाळची भीड टाळण्यासाठी मुलाच्या गळ्यात आयुष्यभराची खोटी पाटी अडकवायची का?

आणि आपण समुद्राकाठी एका कोपऱ्यात आहोत, इथे कुठला गोवर, या भ्रमात राहू नये. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी भागात गोवराची साथ आली, मालेगाव-भिवंडीतही रुग्ण निघाले, मुले दगावली. करोनाच्या काळात चुकलेल्या लसी आणि काही घरांतून आलेला नकार, ही दोन्ही कारणे तेव्हा पुढे आली. मुंबई आपल्यापासून एका रात्रीच्या रेल्वेवर आहे. चतुर्थीला, शिमग्याला, आंगणेवाडीच्या जत्रेला मुंबईकर चाकरमानी येतो तेव्हा सोबत लहान मुले असतात. बंदरातील होड्यांवर आणि आंब्याच्या बागांत कामाला येणाऱ्या परप्रांतीय कुटुंबांची मुले असतात, त्यांच्याकडे तर अनेकदा कार्डही नसते. आपल्या मुलांची लस ही या सर्वांचीही ढाल आहे.

सही करणाऱ्यांना

आता थोडे आमच्या व्यवसायबंधूंविषयी. चिठ्ठी मागणारा जेवढा जबाबदार, त्याहून देणारा अधिक. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिले आहे की असत्य, दिशाभूल करणारा किंवा अयोग्य दाखला देणाऱ्या डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढले जाऊ शकते. दिलेल्या प्रत्येक दाखल्याची नोंद ठेवावी, त्यात रुग्णाची सही किंवा अंगठा आणि ओळखीची खूण घ्यावी, प्रत जपावी, असाही नियम आहे. किती दवाखान्यांत अशी वही असते, हे प्रत्येकाने आपापल्या टेबलाचा खण उघडून पाहावे. पेशंट तुटू नये म्हणून केलेली सही ही माणुसकी नव्हे, ती गिऱ्हाईक सांभाळणे झाले.

अमेरिकेत याचा अनुभव घेऊन झालेला आहे. तिकडे शाळाप्रवेशासाठी लसींचा दाखला लागतो. आपल्या तालुक्यातील मुले-मुली तिकडे स्थायिक झालेली आहेत. नातवंडाच्या शाळेसाठी, नाही तर मुलाच्या कॉलेजसाठी इथल्या आजी-आजोबांनी ट्रंक उपसून जुने कार्ड शोधल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. त्या देशात लसीतून सूट मिळविण्याचे फॉर्मही आहेत. कॅलिफोर्नियात डिस्नेलँडपासून पसरलेल्या गोवरानंतर २०१५ साली कायदा झाला आणि ‘आमची श्रद्धा नाही’ या कारणाची सूट बंद झाली. उरली फक्त डॉक्टरच्या दाखल्याची सूट. मग काय झाले? बालवाडीत अशा वैद्यकीय सुटीचे प्रमाण शंभरी ०.२ होते, ते तीन वर्षांत ०.९ वर गेले. मुलांची प्रकृती एकाएकी चौपट बिघडली असे थोडेच आहे? श्रद्धेचे दार बंद झाल्यावर लोक डॉक्टरच्या दारातून आत शिरले, एवढाच त्याचा अर्थ. शेवटी २०१९ साली आणखी कायदा करून, वर्षाला पाच किंवा अधिक दाखले देणाऱ्या डॉक्टरांच्या दाखल्यांची सरकारी तपासणी सुरू करावी लागली. दुसरीकडे टेक्सासमध्ये पालकांना सदसद्विवेकबुद्धीच्या कारणासाठी सूट घेता येते. तिथे २०२५ साली गोवराची साथ येऊन साडेसातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि लस न घेतलेली दोन शाळकरी मुले दगावली. श्रीमंत देश, मोठी इस्पितळे, तरीही.

यातून मी एवढाच धडा घेतो. नुसत्या सक्तीने खोटे दाखले वाढतात, आणि नुसत्या मोकळिकीने रोग वाढतो. मधला मार्ग खऱ्या नोंदीचा आहे.

शंकेला उत्तर हवे

पालकांच्या शंका म्हणजे अडाणीपणा, असे मी म्हणणार नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात बारा बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी हात धुण्याचे सॅनिटायझर पाजले गेले. मुले सुदैवाने वाचली, संबंधितांवर कारवाई झाली. ही बातमी वाचलेल्या आईने पुढच्या रविवारी बाटलीवरचे नाव वाचायला मागितले तर तिला हिडीसफिडीस करायची का? उलट दाखवावे. लसीचे नाव, तारीख, बाटलीवरचा उष्णतेची खूण दाखविणारा ठिपका, सारे दाखवावे.

लस म्हटली की ती चांगलीच, असेही आंधळेपणाने मानू नये. आपल्या जिल्ह्यात २०१६ पासून दोडामार्ग-सावंतवाडी भागात माकडतापाचे रुग्ण निघू लागले. त्यावरची लस आपल्याकडेही टोचली गेली. पुढे तिच्यापासून मिळणारे संरक्षण अपुरे असल्याचे दिसून आले आणि २०२२ साली शेजारच्या कर्नाटकाने तिचा वापर थांबविला. म्हणजे जी लस कसोटीला उतरत नाही ती वैद्यकशास्त्र स्वतःच बाजूला ठेवते. गोवर, पोलिओ, घटसर्पाच्या लसी अनेक दशके, कोट्यवधी मुलांवर या कसोटीला उतरल्या आहेत. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी पोलिओमुक्तीचा दाखला मिळाला. दाखला असावा तर असा! गोवरच्या लसीने स्वमग्नता येते, हा इंग्लंडातील १९९८ चा लेख त्याच मासिकाने २०१० साली मागे घेतला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचा व्यवसायाचा परवानाही गेला. व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र तो लेख अजून जिवंत आहे.

माझे मत विचाराल तर चार गोष्टी व्हाव्यात. पहिली, शाळेत लस देण्यापूर्वी पालकांच्या हाती मराठीत संमतीपत्र पडावे आणि शंका विचारायला एक संध्याकाळ मिळावी. दुसरी, नकार द्यायचा तर तो ‘नकार’ म्हणूनच पालकाच्या सहीने नोंदवावा, ‘आजारी’ म्हणून नव्हे. तो नोंदविणाऱ्याला कोणी टाकून बोलू नये, पण साथ आली तर त्या मुलाला काही दिवस घरी ठेवावे लागेल, हे त्याला आधीच सांगावे. तिसरी, डॉक्टरच्या दाखल्यात तीन गोष्टी असल्याच पाहिजेत: कोणती लस, कोणत्या कारणासाठी आणि कोणत्या तारखेपर्यंत. ‘लस देऊ नये’ एवढाच मोघम दाखला प्राथमिक आरोग्य केंद्राने परत पाठवावा. चौथी, लसीमुळे लाखांत-दशलक्षांत एखाद्या मुलाला खरोखर इजा झाली तर त्याच्या कुटुंबाला कोर्टाच्या पायऱ्या न झिजविता भरपाई मिळावी. अमेरिकेने १९८६ साली तसा कायदा केला. सर्वांच्या भल्यासाठी आपण प्रत्येकाचे मूल मागतो, तर एखाद्याला लागलेला चटकाही सर्वांनी मिळून सोसला पाहिजे.

पालकांना एवढीच विनंती की घरी जाऊन मुलाचे कार्ड काढा. जन्मतः, दीड, अडीच व साडेतीन महिन्यांनी, नवव्या महिन्यानंतर, सोळा ते चोवीस महिन्यांत, पाच-सहा वर्षांनी, मग दहाव्या आणि सोळाव्या वर्षी, असे टप्पे आहेत. एखादी चौकट रिकामी असेल तर ती बहुधा उशिरानेही भरता येते, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मुलाला खरेच काही मोठा आजार असेल तर त्याचे कागद घेऊन डॉक्टरकडे जा आणि ‘याला कोणती लस चालेल, कोणती नाही’ असे विचारा. दाखला लागणार असेल तर तो नीट, कारणासहित आणि तारखेसहित घ्या. तो त्या मुलाचा हक्कच आहे. मूल धडधाकट असेल तर तो हक्क ज्याला गरज आहे त्याच्यासाठी सोडा.